लघवीच्या संसर्गासाठी आईला रोज रात्री नायट्रोफुरँटोइन हे अँटिबायोटिक सुरू आहे. जास्त महिने घेतलं तर काय धोका?

लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्याला घाबरू नका. मळमळही होते, गोळी जेवणानंतर दिली की ती कमी होते.

खरी काळजी फुप्फुसांची. महिनोन्‌महिने घेतल्यावर क्वचित काही जणांच्या फुप्फुसांना सूज येऊन ती कडक होऊ लागतात. हे इतकं हळूहळू होतं की कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. कृपया सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. तळपायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला तरी तसंच, कारण नसांची इजा कधीकधी कायमची राहते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा मधुमेह असेल तर नसांचा हा धोका वाढतो. यकृतालाही क्वचित सूज येते. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि यकृताची रक्ततपासणी अधूनमधून व्हायलाच हवी.

शिवाय जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. पुन्हा त्रास झाला तर आधी लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत, कोणतं औषध चालेल याची तपासणी) करा, मगच औषध बदला. त्रास काहीच नसताना लघवीत नुसते जंतू दिसले, तर बहुतेकदा उपचार लागत नाही.

आईंची पाळी गेली असेल तर योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल नक्की विचारा. त्याने संसर्ग कमी होतात. मेथेनामाइन हिप्प्युरेट हे अँटिबायोटिक नसलेलं, लघवीतले जंतू रोखणारं औषध हाही पर्याय आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं ठरलं. सहा महिने होत आले असतील तर गोळी पुढे चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.