पिग्मी मोडून हायड्रोजन किट घेऊ का?

बेळगावच्या वडगावहून एका साडी व्यापाऱ्यांनी विचारलंय. त्यांची २०१६ची पेट्रोल गाडी आहे, महिन्याला रनिंग १,५०० किलोमीटर. दर आठवड्याला इचलकरंजी-कोल्हापूरची एक फेरी, बाकी गावात. दोन वर्षांपूर्वी गाडी लिटरला १५ द्यायची, आता १४ देते. गॅरेजवाला म्हणतो, ४८,००० रुपयांचं हायड्रोजन किट बसवा (गाडीच्याच विजेवर पाणी फोडून निघालेला गॅस ते इंजिनात सोडतं), ॲव्हरेज १८ होईल. पैसे आणायचे कुठून, तर दुकानात रोज १५० रुपयांची पिग्मी, म्हणजे सोसायटीच्या एजंटकडे रोजची बचत, भरतात, १४ महिन्यांचे ६३,००० साठलेत. ती मुदतीआधी मोडायची. मुलीची डिप्लोमाची फी पुढच्या वर्षी आहे. वहिनींचा विरोध आहे, म्हणून त्यांनी मला लिहिलं.

दादा, आधी उत्तर देऊन टाकते: किट घेऊ नका, पिग्मीला हात लावू नका. वहिनींचं बरोबर आहे. आता कारणं सांगते, म्हणजे गॅरेजवाल्याला तुम्हीच उत्तर देऊ शकाल.

गॅरेजवाल्याचा हिशेब कागदावर चांगला दिसतो. वर्षाला १८,००० किलोमीटर, १४च्या ॲव्हरेजने १,२८६ लिटर. तुम्ही लिहिलेल्या १०३ रुपयांच्या दराने सुमारे १,३२,००० रुपये. ॲव्हरेज १८ झालं तर २८६ लिटर वाचतात, म्हणजे २९,५०० रुपये. किट वीस महिन्यांत फिटतं. असं खरंच झालं असतं तर मीच तुम्हाला घ्या म्हणाले असते.

पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत किटच्या कार्डावर लिहिलंय, मिनिटाला १ लिटर गॅस. तोच आकडा धरू. तासाला ६० लिटर गॅस झाला. त्यात दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन, म्हणजे हायड्रोजन ४० लिटर. ऐकायला भरपूर वाटतो, पण हायड्रोजन इतका हलका की या ४० लिटरचं वजन भरतं जेमतेम साडेतीन ग्रॅम. वजनाला वजन धरलं तर हायड्रोजनमध्ये पेट्रोलच्या पावणेतीनपट ऊर्जा असते, हे गॅरेजवाला सांगतो ते खरं आहे. तरी साडेतीन ग्रॅम हायड्रोजन म्हणजे ९-१० ग्रॅम पेट्रोल, चहाचे अडीच चमचे. त्याच एका तासात ६०च्या वेगाने तुमची गाडी सव्वाचार लिटर पेट्रोल पिते. सव्वाचार लिटरला अडीच चमचे. यातून १४चे १८ कसे होणार?

आणि हे अडीच चमचेही फुकटचे नाहीत. किटला वीज लागते, साधारण १५ अँपिअर. दोन्ही हेडलाइट लावल्यावर लागते त्याहून जास्त. ती देतो अल्टरनेटर, अल्टरनेटरला फिरवतं इंजिन, आणि इंजिन चालतं पेट्रोलवर. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पंचवीस ते तीस टक्के भागच इंजिन फिरवण्याच्या कामी येतो, बाकी उष्णता होऊन जातो. अल्टरनेटर त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग विजेत बदलतो, आणि पाण्यातून हायड्रोजन काढताना पुन्हा गळती. गोळाबेरीज काय, तर शंभर रुपयांचं पेट्रोल जाळून दहा रुपयांचा हायड्रोजन. तो परत त्याच इंजिनात जाळायचा. व्यापारात असा सौदा तुम्ही एक दिवस तरी कराल का?

गॅरेजवाल्याने ‘नासाचा रिपोर्ट’ दाखवला म्हणता. रिपोर्ट आहे, १९७७चा आहे, आणि त्यात पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळून इंजिन चालवलं होतं हेही खरं. हायड्रोजन भरभर पेटतो, त्यामुळे हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा मिश्रणावरही इंजिन नीट चालतं, हे त्यातून दिसलं. पण तिथला हायड्रोजन बाटल्यांतून आणलेला होता, नाहीतर मिथेनॉलपासून वेगळ्या यंत्रात तयार केलेला. गाडीच्याच बॅटरीवर पाणी फोडून काढलेला नव्हता. पाण्यावर नाहीतर झाडपाल्यावर गाडी चालवण्याची स्वप्नं याआधीही विकली गेली आहेत. १९९६ साली अमेरिकेत ओहायोच्या न्यायालयाने पाण्यावर गाडी चालवतो म्हणणाऱ्या स्टॅन्ली मेयर यांना गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करायला लावले. त्याच वर्षी आपल्याकडे तामिळनाडूच्या रामर पिल्लै यांचं वनस्पती पेट्रोल गाजलं. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना ३ वर्षांची शिक्षा दिली.

मग ज्यांनी किट बसवलं ते शपथेवर कसं सांगतात? खोटं बोलत नसतात. पैसे घातले की माणूस गाडी जपून चालवतो, टायरची हवा बघतो, प्रत्येक लिटरवर लक्ष ठेवतो. माझ्या वडिलांनी पेट्रोलच्या पाइपला लावायचं एक लोहचुंबक घेतलं होतं, विकणाऱ्याने २० टक्के बचत सांगितली होती. वडील टाकी फुल्ल करून किलोमीटर एका वहीत पेन्सिलीने टिपायचे. चुंबकाआधी ११.२, नंतर ११.४. आणि पुढच्या पानावर, चुंबक काढून टाकल्यावरही, ११.४. ती वही अजून माझ्याकडे आहे.

दुसरं एक कारण जास्त काळजीचं आहे. काही किटबरोबर एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी देतात. ती धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा संदेश बदलून गाडीच्या कॉम्प्युटरला पेट्रोल कमी सोडायला लावते. ॲव्हरेज थोडं वाढलेलं दिसतंही, पण इंजिन तापतं, ठोके देतं, आणि वंटमुरीच्या घाटात भरलेली गाडी चढवताना त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय बॉनेटखाली कॉस्टिकसारखं दाहक पाणी, आणि हायड्रोजन-ऑक्सिजन आधीच मिसळलेला गॅस, ठिणगीची वाट बघणारा. मागे कापडाचे गठ्ठे. परवानगीशिवाय गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने मनाई आहे. उद्या आग लागली तर विमा कंपनी पहिलं बोट याच किटवर ठेवेल. तेव्हा तोटा ४८,००० चा राहणार नाही, अख्ख्या गाडीचा होईल.

आता तुमचं मूळ दुखणं, १५चे १४ का झाले. गॅरेजवाला कार्बन म्हणतो. मला वाटतं निदान थोडं उत्तर पंपावर आहे. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या मानाने ६-७ टक्के घट. दोन वर्षांपूर्वीच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल होतंच, म्हणून १५चे १४ होण्यातला सगळा नाही, पण काही भाग यातून आला असावा. आपल्याच चिकोडी-गोकाककडचा ऊस कारखान्यातून फिरून टाकीत येतो, त्याचा मला आनंद आहे, पण जी ऊर्जा टाकीत भरलीच नाही ती कुठलंही किट परत आणणार नाही.

खरोखर पैसे वाचवणारा पर्याय आज एकच, सीएनजी. मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद, सगळं धरून ६०,००० समजू. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला १९ किलोमीटर धरले, दहा टक्के धावणं पेट्रोलवर सोडलं, तर वर्षाचा इंधनखर्च ९०,००० च्या आसपास येतो. विम्यात किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि वर थोडे जास्त जातील, दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी. तरी ३८,००० च्या आसपास शिल्लक राहतात, किट १९-२० महिन्यांत फिटतं. दर माझे अंदाजाचे आहेत, तुमच्या पंपावरचा आकडा घालून पुन्हा करा.

पण सिलिंडर डिक्कीत बसतो, आणि तुमचा धंदाच डिक्कीत आहे. गठ्ठे मागच्या सीटवर मावतात का, हे इचलकरंजीच्या पुढच्या फेरीत करून बघा. डिक्की रिकामी ठेवून सगळा माल सीटवर. मावला तर पुढे बोलू, नाही मावला तर सीएनजी तुमच्यासाठी नाही, हिशेब कितीही गोड असला तरी.

आणि फेऱ्यांचं. महिन्याच्या चारपैकी एक फेरी शेजारच्या व्यापाऱ्याच्या गाडीतून केली किंवा माल ट्रान्सपोर्टने मागवला, तर २२० किलोमीटर वाचतात. महिन्याला १,६०० रुपये, वर्षाला १९,४००, वर हत्तरगी-कोगनोळीचा टोल वेगळा. गॅरेजवाल्याने दाखवलेल्या बचतीच्या दोन तृतीयांश, एक रुपया न घालता. ट्रान्सपोर्टचं भाडं मात्र यातून वजा करा. हायवेला १०० ऐवजी ८० ठेवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० ला तो ८० च्या दीडपटीहून जास्त असतो. टायरची हवा थंड टायरवर दर पंधरा दिवसांनी बघा.

हायड्रोजनवर माझा राग नाही. खऱ्या हायड्रोजन गाडीत हायड्रोजन बाहेर तयार होतो आणि टाकीत भरला जातो. टोयोटाची मिराई अशी गाडी २०२२ मध्ये भारतात चाचणीला आली. हायड्रोजन तयार करण्यासाठी केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं अभियानही मंजूर केलं. पण बेळगावच्या व्यापाऱ्याने आज त्यासाठी खिशात हात घालावा असं काही नाही. तीन-चार वर्षांनी गाडी बदलाल तेव्हा विजेची गाडी जरूर बघा. घरच्या चार्जिंगवर, युनिटला ८ रुपये धरले, तर किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आसपास पडतं. आज तुम्हाला सव्वासात पडतात.

पिग्मीबद्दल शेवटचं. मुदतीआधी मोडली की सोसायट्या व्याज देत नाहीत किंवा नाममात्र देतात, काही ठिकाणी एजंटचं कमिशनही कापतात. संध्याकाळी एजंट दारात येतो म्हणून हे १५० रुपये निघतात. खंड पडला की ती सवय पुन्हा लागणं अवघड. फीसाठी ठेवलीय, फीलाच जाऊ द्या. सीएनजी ठरलंच तर पैसे बाजूला पडलेल्या बचतीतून काढा, आणि थोडे कमी पडले तर पिग्मीच्या तारणावर छोटं कर्ज मिळतं, त्याचा दर आधी विचारून घ्या.

आजच एक वही गाडीत ठेवा. त्याच पंपावर, नोझलच्या पहिल्या क्लिकला बंद करून, टाकी फुल्ल आणि किलोमीटर. दोन महिने, किमान आठ टाक्या. ते पान मला पाठवा, त्यावर सीएनजीचं ठरवू.