आईला पुण्यात करमत का नाही?

वडील गेल्यावर आईला शहरात आणलं, घरात नातू आहे, सून मायाळू आहे, कशाची वाण नाही. तरी आई खंगत चालली आहे. जळगावात समुपदेशनाला बसते, तिथे हे गाऱ्हाणं मी महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. ते घेऊन येणाऱ्या मुलांचा आईवर खरंच जीव असतो, म्हणून त्यांचं तोंड जास्तच उतरलेलं असतं. अशाच एका घराची ही हकिगत. त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अमळनेर तालुक्यातलं, बोरीकाठचं गाव. बाईंचं वय 66. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या त्या थेट शेतातच. पाच एकर काळी जमीन, खरिपात कापूस, रब्बीला दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, नाहीतर हरभरा. मुलगा-सून पुण्यात नोकरीला. नातू चार वर्षांचा होईपर्यंत आजीजवळ गावीच वाढला, कारण दोघांच्या ड्युट्या आणि पाळणाघराचा खर्च. वेचणीच्या दिवसांत आजी त्याला बांधावरच्या निंबाखाली झोळीत निजवायची आणि दर दोन ओळींनंतर येऊन बघून जायची. बाईंचे यजमान अटॅकने गेले, तेव्हा नातू आठ वर्षांचा होता. मुलाने चौदाव्यानंतर बैलजोडी विकली, गाय विकली, जमीन चुलत पुतण्याला निम्म्या हिश्शाने दिली आणि आईला सातव्या मजल्यावर नेलं. वर्षभराने, दिवाळीला गावी आले असताना, तो तिला माझ्याकडे घेऊन आला. जेवण अर्ध्या भाकरीवर आलेलं, पहाटे तीनला जाग, पाय दुखतात, छातीत भरून येतं. छातीच्या तपासण्या पुण्यात दोनदा झाल्या होत्या, त्यात काही निघालं नव्हतं.

पहिल्या भेटीत माझा अंदाज चुकला. नवऱ्याच्या जाण्याचं दुःख मनात साठून राहिलं असेल असं धरून मी तासभर त्याच वाटेने विचारत राहिले. बाई शांतपणे उत्तरं देत होत्या. "त्यांना त्रास झाला नाही, सुटले," म्हणाल्या. पंधरा प्रश्नांची प्रश्नावली मी वाचून दाखवली, त्यावर मान हलवून हो-नाही सांगितलं. उत्तरं नैराश्याकडे बोट दाखवत होती, पण कारण कुठेच सापडत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी त्याच दिवशी केली, आणि ती प्रत्येक घराने करावी असं मला कळकळीने वाटतं. फिजिशियनकडे पाठवलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा "मन उदास आहे" असं बोलत नाही. ते पाय दुखतात म्हणतं, भूक नाही म्हणतं. उलट रक्त कमी असलं, थायरॉइड मंदावलं किंवा बी-12 घटलं तरी माणूस असाच गळून जातो. बाईंचं बी-12 कमीच निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. तेवढ्याने सगळं सुटेल असं डॉक्टरांना वाटलं नाही, मलाही नाही.

दुसऱ्या भेटीला मुलाला बाहेर बसवलं. बाईंचे हात टेबलावर होते. कापूस वेचणाऱ्या हाताला नखांच्या कडेला, सुकलेल्या बोंडाची टोकं टोचून टोचून बारीक काळ्या रेघा पडतात. वर्ष झालं तरी त्या पुसल्या नव्हत्या. मी विचारलं, "यंदा तुमच्याकडे कापूस कसा आहे?"

त्या पहिल्यांदाच सरळ बसल्या. पुतण्याने दाट लावला, हवा खेळत नाही, खालची बोंडं सडली. नदीकडच्या दोन एकरांत यंदा दादरच पेरायला हवी होती, ओल चांगली आहे, त्याने हरभऱ्याचं ठरवलंय. कोणी विचारलंच नाही. वीस मिनिटं त्या बोलत होत्या, अहिराणीत. मग एकदम थांबल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "माफ करा, मी आपलं गावठी बोलले."

हे कुठून आलं? मी म्हटलं, माझी मायबी हीच भाषा बोलायची, तुम्ही बोला. तेव्हा हळूहळू उलगडलं. नातू शाळेत "आहे"च्या जागी अहिराणीतलं "शे" म्हणाला म्हणून पोरं हसली होती. त्यानंतर मुलाने आईला सांगितलं, "माय, त्याच्याशी जरा शुद्ध बोलत जा." एवढंच, तेही प्रेमाने. तेव्हापासून बाई वाक्य मनात जुळवून बघायच्या, आणि जुळेपर्यंत पोरगं दुसऱ्या खोलीत गेलेलं असायचं. तसंही ते सातला बसने जायचं, तीनला यायचं, मग क्लास. सूनबाई भल्या, "आई, तुम्ही बसा" म्हणून हातातलं भांडंसुद्धा काढून घ्यायच्या. "पोऱ्या शायामा जास, मी बठी ऱ्हास," बाई म्हणाल्या. पोरगं शाळेत जातं, मी बसून राहते. "माले तठे करमस नही, ताई."

आपण आईला आराम देतो म्हणतो. पन्नास वर्षं जिने पेरणी कधी, वेचणी कधी, मजूर किती, बी कोणतं हे ठरवलं, तिच्या हातून एका महिन्यात हे सगळं गेलं आणि बदल्यात काय मिळालं, तर एक नातू, तोही दिवसाचे दोन तास. नातवावर तिचा जीव होताच. पण एका लेकराच्या मायेवर तिच्या अख्ख्या आयुष्याचा भार टाकला, तर तो त्या लेकरालाही पेलत नाही. शेतकऱ्याच्या बायकोला आपण शेतकरी धरत नाही, त्यामुळे तिचं शेत सुटलं हे कुणाच्या लक्षातच येत नाही. नवरा गेल्याचं सांत्वन करायला गाव आलं. शेत गेल्याचं सांत्वन करायला कोण येणार?

"देवानं आता उचलावं," असंही त्या घरात दोनदा म्हणाल्या होत्या. म्हातारी माणसं बोलतातच, म्हणून मुलाने सोडून दिलं होतं. मी सोडत नाही. मी त्यांना सरळ विचारलं, स्वतःच्या जिवाचं काही करावं असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला हलकं वाटतं. तसं काही नव्हतं. तरी गावच्या घरातले फवारणीच्या औषधांचे डबे पुतण्याकडे कुलपात ठेवायला लावले आणि 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर मुलाच्या, सुनेच्या फोनमध्ये घालून दिला. तिथे मराठीतून बोलता येतं, रात्री-अपरात्रीसुद्धा.

मग मुलाला आत बोलावलं. आईला पंधरा दिवस गावी राहू द्या, म्हटल्यावर त्याचे डोळे भरले. "लोक म्हणतील, बाप गेला आणि मायला टाकून दिलं." ही भीती खोटी नाही, खानदेशातल्या गावात असं बोललं जातंच. पण लोकांच्या तोंडासाठी आईला सातव्या मजल्यावर ठेवायचं का, एवढंच मी विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. "शुद्ध बोल" हे आपण म्हटलं होतं, हे तर त्याला आठवतही नव्हतं.

पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. नदीकडचे दोन एकर बाईंनी स्वतःकडे घेतले, दादर पेरली. रात्री झोपायला पुतण्याची मुलगी येते. नातवाचा फोन रोज संध्याकाळी आठला, आणि तो अहिराणीतच, असा नियम सूनबाईंनी लावला. पोराने पहिल्यांदा विचारलं ते "मोठी माय, जेवनी का?" इंजेक्शनांचा कोर्स संपला. भूक आली आहे, पहाटेची जाग अजून पूर्ण गेलेली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे गावी जाणार आहेत. निंबाला झोका बांधायचा, हे पोराने आत्ताच ठरवून ठेवलंय.

मधल्या काळात एकदा मुलाचा फोन आला. आईला फोन केला होता, ती दोन वाक्यं बोलली आणि "ठेव आते, लाईट उनी," म्हणजे वीज आली, म्हणून शेतातल्या पाण्याची मोटर सुरू करायला पळाली. सांगताना त्याला हसू येत होतं. मला काळजीच वाटली, कारण ती लाईट रात्री अकराची होती. पुढच्या भेटीत मी बाईंकडून कबूल करून घेतलं, रात्रीचं पाणी पुतण्यानेच भरायचं. "बरं," म्हणाल्या, आणि मग थोडं थांबून, "पन त्याले नीट भरता येस नही."