टेनेसीच्या पॅट समिट यांचे विक्रम मोडले गेले, तरी त्यांना आजही इतके का मानतात?

आपला प्रश्न रास्त आहे. टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाला प्रशिक्षिका म्हणून पॅट समिट यांनी मिळवून दिलेल्या १०९८ विजयांचा विक्रम स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडरव्हीर यांनी डिसेंबर २०२० मध्ये मागे टाकला, आणि त्यांच्या आठ राष्ट्रीय अजिंक्यपदांचा पल्ला कनेक्टिकटच्या जीनो ऑरिएमा यांनी त्याआधीच ओलांडला होता. मग अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा विषय निघाला की समिट यांचेच नाव आधी का येते, असे आपण विचारले आहे. या खेळाचा जुना चाहता या नात्याने माझे मत असे की, इतरांनी एक तयार खेळ हाती घेऊन त्यात पराक्रम केला, तर समिट यांना तो खेळ खेळता येण्याजोगी परिस्थितीच आधी घडवावी लागली, आणि त्यांचे विजय त्या कामाच्या ओघात आले.

त्या १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठात रुजू झाल्या तेव्हा त्यांचे वय बावीस होते. मुळात त्या पदव्युत्तर शिक्षण घेत सहायक म्हणून काम करणार होत्या. मुख्य प्रशिक्षिकेने पद सोडल्यामुळे सगळा संघच त्यांच्या गळ्यात पडला. पगार महिना अडीचशे डॉलर होता. खेळाडूंचे गणवेश त्या स्वतः धूत, सामन्याच्या गावी जाण्यासाठी व्हॅन स्वतः चालवत, आणि ते गणवेशसुद्धा आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. एकदा तर संघाने प्रतिस्पर्ध्यांच्याच व्यायामशाळेत चटया अंथरून रात्र काढली. पहिला सामना मर्सर विद्यापीठाविरुद्ध होता, आणि तो त्या ८४-८३ असा एका गुणाने हरल्या. त्याच काळात वर्गात शिकवणे, स्वतःची पदवी पूर्ण करणे आणि दुखावलेला गुडघा सावरून ऑलिंपिकची तयारी करणे हेही चालू होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाने रौप्यपदक मिळवले, त्या संघात त्या खेळाडू होत्या. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सुवर्णपदक मिळाले तेव्हा त्या त्याच संघाच्या प्रशिक्षिका होत्या.

आता ज्या गोष्टीमुळे मी त्यांना सर्वांच्या पुढे ठेवतो, तिच्याकडे येतो. त्या काळी टेनेसी राज्यातल्या शाळांमध्ये मुलींचे बास्केटबॉल सहा-सहा जणींचे असे. तीन मुलींनी मैदानाच्या एका अर्ध्यात फक्त चढाई करायची, तीन मुलींनी दुसऱ्या अर्ध्यात फक्त बचाव करायचा, आणि मधली रेषा कोणीही ओलांडायची नाही. बचाव करणाऱ्या मुलीने चार वर्षांत एकदाही बास्केटकडे चेंडू टाकला नाही, असे अगदी नियमानुसार घडू शकत होते. पूर्ण मैदानाची धाव मुलींना झेपणार नाही, अशी समजूत या नियमामागे होती. अशा शाळांतून येणारी मुलगी महाविद्यालयात आली की तिला अर्धा खेळ नव्याने शिकवावा लागे, आणि इतर राज्यांतल्या मुलींसमोर शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत ती मागे पडे. समिट यांनी या नियमाविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली, आणि नियम बदलेपर्यंत आपल्याच राज्यातल्या मुली संघात घेणार नाही, असे जाहीरपणे सांगितले. ज्या राज्याच्या करावर आपले विद्यापीठ चालते त्या राज्याला एका तरुण प्रशिक्षिकेने असे सुनावणे सोपे नव्हते. सत्तरचे दशक संपता संपता नियम बदलला, आणि टेनेसीच्या शाळांत मुली पाच-पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ खेळू लागल्या.

या आग्रहाचे मूळ त्यांच्या घरात सापडते. क्लार्क्सव्हिलजवळच्या शेतावर गाईंच्या धारा काढणे आणि तंबाखूच्या मळ्यात राबणे या कामांतून त्या व त्यांचे मोठे भाऊ सुटलेले नव्हते, आणि रात्री गवताच्या माळ्यावर भावांशी बास्केटबॉल खेळताना त्यांना कोणी सवलत देत नसे. गावच्या शाळेत मुलींचा संघ नाही म्हणून वडिलांनी सगळे बिऱ्हाड शेजारच्या हेन्रिएटा गावी हलवले. मात्र पुढे भावांना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या, आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च आईवडिलांना करावा लागला. खेळातल्या लिंगभेदाला आवर घालणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला, पण तो कागदावरून मैदानावर आणण्याचे काम ज्यांनी केले त्यांत समिट यांचा वाटा फार मोठा आहे.

मुलींना कमी लेखून सूट द्यायची नाही, हे धोरण त्यांनी स्वतःच्या संघालाही लावले. सरावात त्या विद्यापीठातल्या मुलग्यांना आपल्या मुलींविरुद्ध उतरवत. वेळापत्रकात दुबळे प्रतिस्पर्धी घालून विजयांचा आकडा फुगवण्याऐवजी देशातल्या सर्वांत कठीण संघांशी सामने ठरवत. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे आणि तास चुकवला तर सामना नाही, हा त्यांचा नियम होता. ३८ वर्षांत ज्या खेळाडूंनी टेनेसीकडून खेळण्याचा आपला कालावधी पूर्ण केला, त्या प्रत्येकीने पदवी मिळवली. व्यावसायिक लीगच्या आशेने अभ्यास वाऱ्यावर सोडण्याची सवय असलेल्या खेळात ही गोष्ट मला आठ अजिंक्यपदांइतकीच मोठी वाटते. त्यांची शिस्त कठोर होती, त्यांची जळजळीत नजर प्रसिद्ध होती, आणि त्यांतल्या काही पद्धती आजच्या प्रशिक्षकाने जशाच्या तशा उचलू नयेत, असेही मला प्रामाणिकपणे वाटते. पण त्याच मुली पुढे स्वतः प्रशिक्षिका झाल्या. समिट यांच्यानंतर संघ हाती घेणाऱ्या हॉली वॉर्लिक आणि त्यांच्यानंतरच्या केली हार्पर, दोघीही त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या.

टेनेसीच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद त्यांना दोनदा देऊ करण्यात आले आणि दोन्ही वेळा त्यांनी ते नाकारले. पुरुष संघाकडे जाणे ही बढती कशी काय, असा त्यांचा उलट प्रश्न होता, आणि त्याला समाधानकारक उत्तर कोणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

पहिले अजिंक्यपद १९८७ मध्ये, म्हणजे तेराव्या हंगामात आले. त्याआधी शेवटच्या चार संघांत पोचून रिकाम्या हाताने परतण्याची वेळ त्यांच्यावर वारंवार आली होती. पुढे १९८९ आणि १९९१, मग १९९६ ते १९९८ अशी सलग तीन, आणि कँडेस पार्कर या खेळाडूच्या काळात २००७ व २००८. यांतले १९९७ चे मला विशेष वाटते, कारण त्या हंगामात संघ दहा सामने हरला होता आणि तरीही शेवटी जिंकला. पुढच्याच हंगामात त्याने ३९ पैकी ३९ सामने जिंकले. उणी बाजूही सांगायला हवी. १९९५ मध्ये सुरू झालेली कनेक्टिकटविरुद्धची वार्षिक मालिका टेनेसीने २००७ नंतर बंद केली. महिला बास्केटबॉलला सर्वाधिक प्रेक्षक मिळवून देणारी ती लढत थांबल्याने खेळाचे नुकसान झाले, असे माझे मत आहे. समिट यांच्या शेवटच्या चार हंगामांत संघ अंतिम चारमध्येही पोचला नाही.

ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, आपल्याला अल्झायमर झाल्याचे त्यांनी जाहीर केले आणि तरीही तो हंगाम पूर्ण केला. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी पद सोडले. त्याच वर्षी त्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून स्वातंत्र्यपदक मिळाले. या रोगाविरुद्ध काम करण्यासाठी त्यांनी संस्था काढली तेव्हा इतक्या वर्षांचे कडवे प्रतिस्पर्धी ऑरिएमा यांनी तिला दहा हजार डॉलरची देणगी दिली. २८ जून २०१६ रोजी, ६४ व्या वर्षी, नॉक्सव्हिलमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याला त्यांचे काम प्रत्यक्ष पाहायचे असेल तर १९९८ चा अंतिम सामना मिळवून पाहावा. त्यात टेनेसीने लुइझियाना टेकला ९३-७५ असे हरवले. टेनेसीच्या शमीक होल्ड्सक्लॉ आणि टमीका कॅचिंग्ज यांच्या गुणांकडे लक्ष जाईलच, पण त्याआधी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती चेंडू असताना या मुली संपूर्ण मैदानभर त्यांना कशा घेरतात आणि प्रत्येक रिबाउंडसाठी, म्हणजे बास्केटमध्ये न जाता परत उसळलेल्या चेंडूसाठी, किती जणी झेपावतात, ते पाहावे. चढाईने तिकिटे खपतात, बचावाने सामने जिंकले जातात आणि रिबाउंडने अजिंक्यपदे मिळतात, असे समिट नेहमी सांगत.