अमेरिकेत सरकारी जमिनीवर गॅसच्या विहिरी आणि हरणांची शिकार एकत्र कशी चालते?

चालते, पण हरणांना महाग पडते. वायोमिंग राज्यातलं पाइनडेल अँटिक्लाइन हे गॅसक्षेत्र घ्या. जमीन बहुतांशी केंद्र सरकारची, खाली गॅस, वर म्यूल डिअरचं (खेचरासारखे लांब कान, म्हणून हे नाव) हिवाळी कुरण. हरणांना त्रास कमी व्हावा म्हणून एकाच जागेवरून तिरक्या अनेक विहिरी खोदल्या, टँकरच्या फेऱ्या वाचवायला पाइप टाकले. शिकारही 45 टक्क्यांनी घटली. तरी सुमारे 15 वर्षांच्या अभ्यासात हरणं 36 टक्क्यांनी कमी झाली आणि विहिरींपासून सरासरी जवळपास एक किलोमीटर जास्त लांब राहू लागली. म्हणजे शिकाऱ्यांना दोष देऊन भागत नाही. माझ्या मते, हिवाळी कुरणाचा गाभा गॅससाठी जमीन भाड्याने देण्याच्या लिलावातूनच वगळावा. विहिरी झाल्यावरची मलमपट्टी फार पुरत नाही.