नेपथ्य म्हणजे पडद्यामागचं की डोळ्यासमोरचं?

प्रश्न असा आलाय की ‘नेपथ्यामुळे शोकांतिकेचं वातावरण गडद झालं’ असं एका परीक्षणात वाचलं, पण नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा ना, मग जे दिसतच नाही त्याने वातावरण कसं तयार होणार?

परीक्षणवाल्याचं चुकलेलं नाहीये. नाटकाच्या जाहिरातीत ‘नेपथ्य : अमुक तमुक’ असतं तिथे तो सेटच असतो, आणि ‘तो नेता हल्ली नेपथ्यात गेलाय’ म्हणतो तेव्हा विंगेमागची जागा. संस्कृतात अजून एक अर्थ आहे, नटाचा साजशृंगार. शाकुंतलाच्या सुरुवातीला सूत्रधार नेपथ्याकडे बघून नटीला म्हणतो की नेपथ्यविधान आटपलं असेल तर इकडे ये, म्हणजे रंगसूचनेतलं नेपथ्य ही जागा आणि वाक्यातलं नेपथ्य हा नट्टापट्टा, लागोपाठ दोन अर्थ! आणि नाट्यशास्त्रात नेपथ्याचे जे चार प्रकार दिलेत त्यातला पहिलाच ‘पुस्त’, म्हणजे चटया, कातडी, कापड वगैरे वापरून बनवलेले डोंगर, रथ, विमानं. म्हणजे सेट हा अर्थ आपण हवेतून काढलेला नाही. उलट वेशभूषाच आता वेगळी होऊन बसलीये.

ग्रीकांकडेही सेम भानगड. त्यांचा ‘स्केने’ म्हणजे मुळात तंबू किंवा खोपटं, नट आत मुखवटे बदलायचे आणि त्याचीच पुढची भिंत प्रेक्षकांसाठी राजवाडा. एस्किलसचं ‘ॲगामेम्नॉन’ घ्या, इ.स.पू. 458 चं. राणी दारापर्यंत उंची लालजांभळी वस्त्रं अंथरते, राजा त्यावरून चालत आत जातो, मग कसांड्रा, म्हणजे राजाने युद्धातून कैद करून आणलेली भविष्य दिसणारी बाई, त्याच दाराशी थबकते, म्हणते घराला रक्ताचा वास येतोय, लोक तिला समजावतात की अगं आत बळी दिलेत त्याचा असेल, ती आत जाते आणि थोड्या वेळाने राजाची किंकाळी. खून दाखवतच नाहीत, दिसतं ते फक्त दार, आणि मग एकदम प्रेतं. इथे मराठीत ‘नेपथ्यात किंकाळी’ पण बरोबर आणि ‘नेपथ्य राजवाड्याचं’ पण बरोबर.

तेव्हा ‘नेपथ्यात’, ‘नेपथ्यातून’ आलं की बहुतेक वेळा जागा समजा, ‘नेपथ्य उभं केलं’, ‘नेपथ्यामुळे’ आलं की सेट.

बाकी ते ‘गडद’ मला खटकलं. आमच्या एकांकिकांच्या दिवसांत काळे पडदे आणि एक निळा स्पॉट मारला की झाली शोकांतिका असा समज होता, परीक्षणात तसलं काही म्हणायचं असेल तर श्रेय प्रकाशयोजनेला द्या. ग्रीक लोक हे सगळं भर दिवसा उजेडात करायचे.