पांढरी शाई कापडात नव्हे, कापडावर

प्रश्न: मी वर्षभरापासून हातयंत्रावर स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई उतरवून, टी-शर्ट छापतो. इतर रंग मनासारखे येतात. परंतु काळ्या सुती टी-शर्टवर पांढरा छापला की तो राखेसारखा करडा दिसतो. म्हणून मी स्क्वीजी (शाई जाळीतून दाबणारी रबरी पट्टी) जोर लावून एकाच जागी चार-चार वेळा ओढतो. त्याने पांढरा किंचित उजळतो, पण अक्षरांच्या कडा पसरतात आणि छपाई हाताला पत्र्यासारखी लागते. शाई दोनदा बदलली, तरी फरक पडला नाही. शाई प्लास्टिसॉल (उष्णता दिल्यावरच पक्की होणारी) आहे आणि जाळी सेंटिमीटरला ७७ धाग्यांची आहे. चूक कोठे होत असावी?

उत्तर: आपण छापलेला एखादा टी-शर्ट उलटा करून छपाईची आतली बाजू पाहा. तेथे पांढरे ठिपके किंवा अक्षरांचा पुसट आकार उमटलेला असेल, तर शाई कापडावर न राहता कापडाच्या आरपार जात आहे असे समजावे. आपल्या वर्णनावरून तसेच घडत असावे असे मला वाटते, आणि तसे असेल तर तिसऱ्यांदा शाई बदलूनही काही साधणार नाही.

पांढऱ्या शाईतील रंगद्रव्य म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचे कण प्रकाश विखरून परत पाठवतात, म्हणून आपल्याला पांढरे दिसते. मात्र त्यासाठी कणांचा थर पुरेसा जाड आणि सलग असावा लागतो. थर पातळ पडला, की उरलेला प्रकाश खालच्या काळ्या सुतापर्यंत पोचतो, तेथेच शोषला जातो आणि पांढऱ्याचा करडा होतो. जोराने दाबलेली शाई सुतांच्या मधल्या फटींत उतरते, सुताचे माथे उघडे राहतात आणि ते झाकण्यासाठी आपण पुन्हा दाबता. चार हातांची, म्हणजे स्क्वीजी चारदा फिरवल्याची, शाई खर्ची पडते, कापड कडक होते, पण वरचा थर काही वाढत नाही.

पहिला बदल जाळीचा करावा. ७७ ची जाळी गडद कापडावरच्या पांढऱ्यासाठी बारीक आहे. ४३ ते ६१ धाग्यांची घ्यावी. काही विक्रेते हाच आकडा इंचावर सांगतात, तेव्हा ती ११० ते १५६ ची होते. मागणी नोंदवताना हा घोटाळा हमखास होतो. जाळी ताणलेलीही हवी. ताण मोजण्याचे मीटर मिळाले तर सेंटिमीटरला २० ते २५ न्यूटन असा अंक धरून चालावे. ढिली जाळी छापून झाल्यावरही ओल्या शाईला चिकटून राहते आणि मागाहून सुटताना तिचा पृष्ठभाग ओरबाडून नेते. त्यासाठीच फ्रेम आणि टी-शर्ट यांच्यात २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे स्क्वीजी पुढे सरकताच तिच्या मागची जाळी आपोआप उचलली जाईल.

आता हाताविषयी. डब्यातील पांढरी शाई मुळात घट्ट असते आणि गार खोलीत आणखी आखडते. ती पातळ करण्याचा मोह टाळावा, कारण रिड्यूसरचा (शाई पातळ करणाऱ्या द्रवाचा) प्रत्येक चमचा तिची झाकण्याची ताकद कमी करतो. त्याऐवजी तिला दोन-तीन मिनिटे नीट घोटावी, ती घोटल्यानेच सैल होते. मग फ्रेम उचललेली असतानाच शाई हलक्या हाताने नक्षीवरून पसरवून जाळीची छिद्रे भरून घ्यावीत. छापताना ७० ड्युरोमीटरच्या (रबराच्या कडकपणाचे माप) आसपासची, धारदार कडेची स्क्वीजी जवळजवळ उभी धरावी आणि शक्यतो स्वतःकडे न ओढता पुढे ढकलावी. ओढताना ती नकळत आडवी होते आणि शाईला खाली रेटते. दाब इतकाच असावा, की जाळी एका हातात स्वच्छ रिकामी व्हावी. नक्षीच्या भागात शाईचा पडदा मागे उरला, तर जोर वाढवण्याआधी वेग कमी करून पाहावा. मनगट दुखू लागले, तर ते अधिक मेहनतीचे लक्षण न मानता आधीचे काहीतरी चुकल्याचे लक्षण मानावे.

एवढे करूनही पहिल्या हातात पूर्ण पांढरा येईलच असे नाही, आणि तशी अपेक्षाही नसावी. गडद कापडावर छापणे, फ्लॅश करणे (वरून थोडा वेळ उष्णता देणे) आणि पुन्हा छापणे हीच रूढ पद्धत आहे. फ्लॅशमध्ये शाई पक्की करायची नसून तिचा पृष्ठभाग फक्त धरायला लावायचा असतो. बोट अलगद टेकवावे. बोटाला पांढरे लागले नाही आणि चिकटपणा जाणवला नाही, की यंत्र बाजूला घ्यावे. पहिला थर पूर्ण भाजला गेला तर दुसरा त्यावर नीट धरत नाही आणि धुताना पापुद्र्यासारखा सुटू शकतो. सतत फ्लॅश करून पॅलेट (टी-शर्ट ज्यावर चढवतात ती फळी) तापल्यास जाळीतील शाईही घट्ट होऊ लागते, म्हणून मध्येच थोडे थांबावे. दोन हातांच्या मध्ये टी-शर्ट केसभरही हलता कामा नये. पॅलेटवरील गोंदात येथे काटकसर करू नये.

कापडाचाही यात वाटा आहे. सैल विणीच्या सुतावर उभी लव असते; ती शाईतून वर डोकावते आणि छपाई धुळकट दिसते. पहिल्या थराने ही लव बसवली, की दुसरा थर गुळगुळीत येतो. कोम्ब्ड (विंचरून आखूड तंतू काढलेल्या) सुताच्या टी-शर्टवर हा त्रास बराच कमी होतो.

शेवटची भट्टी मात्र पूर्ण द्यावी. साधारण प्लास्टिसॉल थराच्या तळापर्यंत सुमारे १६० अंश सेल्सिअसला पोचले तरच पक्के होते आणि पांढऱ्याचा जाड थर तापायला अधिक वेळ घेतो. इन्फ्रारेड तापमापक केवळ वरचे तापमान दाखवतो, म्हणून टी-शर्ट गार झाल्यावर छपाई ताणून पाहावी. भेगा पडल्या तर वेळ वाढवावा.

प्रश्न: लाल पॉलिएस्टर जर्सीवर छापलेला पांढरा छापताना स्वच्छ दिसतो, पण दुसऱ्या दिवशी गुलाबी होतो. हा शाईचा दोष आहे का?

उत्तर: दोष शाईचा नाही, उष्णतेचा आहे. पॉलिएस्टर ज्या डिस्पर्स रंगांनी रंगवतात ते तापल्यावर वायुरूप होऊन वर चढतात आणि शाईच्या थरात शिरतात. हे काम काही तास, कधी काही दिवस चालू राहते. येथे दुसरा-तिसरा थर देऊन उपयोग होत नाही, कारण रंग त्यांतूनही वर येतो. पॉलिएस्टरसाठी बनवलेली, कमी तापमानाला पक्की होणारी लो-ब्लीड (कापडाचा रंग कमी वर येऊ देणारी) पांढरी शाई वापरावी, भट्टीचे तापमान डब्यावर लिहिले आहे त्याहून वर नेऊ नये आणि गडद लाल किंवा मरून कापडावर आधी करड्या ब्लॉकर (रंग अडवणाऱ्या) शाईचा थर द्यावा. भट्टीतून निघालेल्या जर्सी गरम असताना एकावर एक रचू नयेत. थप्पीच्या मध्यभागी उष्णता कोंडून राहते आणि तिथल्या जर्सी सर्वांत आधी गुलाबी होतात. मोठी मागणी घेण्यापूर्वी त्याच कापडाची एक जर्सी छापून दोन-तीन दिवस तशीच ठेवून पाहावी.