वरचा कॉमा कुठे टाकायचा?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका ताई घराच्या वरच्या मजल्यावर मुलींसाठी वसतिगृह सुरू करत आहेत. त्यांनी विचारलेला प्रश्न असा. बोर्ड रंगवणारा पेंटर मराठी ओळ लिहून मोकळा झाला आणि इंग्रजी ओळीपाशी थांबला. “मॅडम, तो वरचा कॉमा कुठी टाकू? एसच्या आधी का नंतर? का टाकूच नको?” ताईंनी आसपासचे बोर्ड पाहून ठेवले होते. त्यांत तिन्ही तऱ्हा होत्या. मग बरोबर कोणती आणि का?

ताई, बोर्डावर “गर्ल्स’ हॉस्टेल” लिहायला सांगा. आधी एस, मग वरचा कॉमा, म्हणजे अपॉस्ट्रॉफी. (इंग्रजी शब्द मी नागरीतच लिहितो आहे, तेव्हा चिन्हाची जागा नीट बघा.) “गर्ल’स हॉस्टेल” याचा अर्थ एकाच मुलीचे वसतिगृह. कॉमा अजिबात न देता “गर्ल्स हॉस्टेल” लिहिलेले पुष्कळ ठिकाणी चालते. त्याबद्दल पुढे सांगतो.

हा घोळ होतो, कारण हा फरक कानाला कळतच नाही. एक मुलगी, अनेक मुली, एका मुलीचे, अनेक मुलींचे: यांपैकी पहिले सोडले तर बाकी तिन्ही रूपे इंग्रजीत अगदी एकसारखी उच्चारली जातात. चिन्ह फक्त डोळ्यांसाठी आहे. त्याचा इतिहासही तसाच अडखळत आलेला. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना षष्ठीसाठी “एस्” (ई आणि एस अशी दोन अक्षरे) असा प्रत्यय लागायचा आणि त्यात स्वर होता. पुढे तो स्वर बोलण्यातून गळाला. सोळाव्या शतकात छापखान्यांतून, फ्रेंचांच्या वळणाने, गळलेल्या अक्षराच्या जागी वर टिंब-शेपटी देण्याची रीत इंग्रजीत आली. सतराव्या शतकापासून ती एकवचनी षष्ठीला चिकटत गेली. अनेकवचनाचे काय करायचे यावर मात्र व्याकरणकार बराच काळ घुटमळले, कारण तिथे कोणतेच अक्षर गळलेले नव्हते. एसच्या पुढे चिन्ह द्यायची रूढी अठराव्या शतकाच्या अखेरीकडे कुठे स्थिर होऊ लागली. म्हणजे आपला पेंटर ज्या प्रश्नापाशी थांबला, त्याच प्रश्नापाशी खुद्द इंग्रजी दोनेकशे वर्षे थांबली होती.

आपल्याला मात्र याचे उत्तर घरातच सापडते, आणि हेच मला मुख्यतः सांगायचे आहे. तुमच्या बोर्डावरची मराठी ओळ बघा: “मुलींचे वसतिगृह”. त्या “लीं”वरचा अनुस्वार जे काम करतो, तेच काम इंग्रजीत एसच्या पुढचा कॉमा करतो. मुलीचे म्हणजे एकीचे, मुलींचे म्हणजे अनेकींचे. शिक्षकाचा, शिक्षकांचा. शेतकऱ्याचा, शेतकऱ्यांचा. १९६२ साली लागू झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी “नांव”, “पांच”, “केलें” अशा शब्दांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा हा अनुस्वार ठेवला. तो अर्थ वाहतो म्हणून ठेवला. शिवाय तो ऐकू येतो, हे आपले भाग्य. तेव्हा अडलात की वाक्य मराठीत म्हणून बघा. मालकाच्या नावावर अनुस्वार आला तर कॉमा एसच्या पुढे, नाही आला तर एसच्या आधी. नागपुरात मी “मुलीचे वसतिगृह” असेही रंगवलेले पाहिले आहे. मला ते इंग्रजी चुकीपेक्षा जास्त खुपते, कारण तिथे बोलताना आपण चुकत नाही, फक्त लिहिताना चुकतो.

पण मराठीत समास केला की हा अनुस्वार लपतो. शिक्षक दिन, महिला दिन, पालकसभा, विद्यार्थी वसतिगृह: यांत एक की अनेक ते दिसतच नाही. तिथे शाळेत शिकलो तो विग्रह करायचा. पालकांची सभा, म्हणून “पेरेंट्स’ मीटिंग”. शिक्षकांचा दिन, म्हणून ५ सप्टेंबरला “टीचर्स’ डे”. हा दिवस १९६२ पासून राधाकृष्णन यांच्या जन्मदिनी साजरा होतो, तरी तो एका शिक्षकाचा नाही, सगळ्यांचा आहे. याच्या उलट “मदर’स डे”. अमेरिकेत तो सुरू करणाऱ्या ॲना जार्विस यांचा आग्रह होता की चिन्ह एसच्या आधीच हवे. प्रत्येकाने आपापल्या एका आईची आठवण काढावी, जगातल्या सगळ्या आयांची एकत्र नव्हे. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी दिवस जाहीर केला तोही त्याच रूपात. एका चिन्हाच्या जागेत एवढी माया असू शकते.

आता तुमच्या नियमांच्या कागदाकडे येतो. ताईंनी तोही पाठवला आहे आणि खरी गंमत त्यातच आहे. “सोडण्यापूर्वी एका महिन्याची नोटीस”: इथे महिन्यावर अनुस्वार नाही, म्हणून “वन मन्थ’स नोटीस”. “दोन महिन्यांचे डिपॉझिट”: अनुस्वार आला, “टू मन्थ्स’ डिपॉझिट”. काळ कशाचा मालक कसा, असे वाटेल. पण मराठीतही आपण “दोन महिन्यांचे” असे “चे” लावूनच बोलतो, तेव्हा आपल्याला हे परके वाटायला नको. “शंकरनगर चौक मेट्रोपासून पाच मिनिटांची वाट” हे “फाइव्ह मिनिट्स’ वॉक”. हेच मध्ये आडवी रेघ देऊन “फाइव्ह-मिनिट वॉक” असे लिहिले, तर मिनिट एकवचनात राहते आणि वरचा कॉमा जातो. दोन्ही चालतात, त्यांची खिचडी तेवढी करू नका. आणि “रूम्स अव्हेलेबल” यात कुणाचे काहीच नाही, नुसत्या खोल्या आहेत. तिथे कॉमा नको.

त्याच कागदावर “वॉर्डन्स’ रूम” असे लिहिले आहे. हे चुकले, पण चूक फार आपली आहे. ताईंच्या मनात “वॉर्डनबाईंची खोली” होती. बाई एकच, अनुस्वार मात्र आदराचा. आपण एकाच माणसाला मानाने अनेकवचन देतो: सरांचा डबा, प्राचार्यांचे कार्यालय, बाबांचा चष्मा. १९६२ च्या नियमांतही आदरार्थी बहुवचनाला अनुस्वार द्यायला स्पष्ट सांगितले आहे. इंग्रजीकडे ही सोय नाही. तिथे माणसे मोजायची. एक वॉर्डन, म्हणून “वॉर्डन’स रूम”. उद्या दोन वॉर्डन ठेवल्यात आणि दोघींची खोली एकच असली, तर आज लिहिलेले तेव्हा बरोबर ठरेल. मी इंग्रजी शिकवत होतो तेव्हा वह्यांमध्ये “प्रिन्सिपल्स’ ऑफिस” दरवर्षी यायचे. मुले निष्काळजी आहेत असे मला कधी वाटले नाही. ती मराठीत आदराने विचार करत होती. तुमच्या अर्जात “पालकांची सही” आहे, तिथेही हेच. सही एकाचीच घेणार असाल तर “गार्डियन’स सिग्नेचर”.

जी नामे अनेकवचनात एस घेतच नाहीत, तिथे काम सोपे: चिल्ड्रन’स, मेन’स, वुमेन’स. अनेकवचन आधीच झालेले आहे, षष्ठी नंतर लागते. “वुमेन्स’” असा शब्दच नाही.

यातूनच कॉमा न देण्याचा मुद्दा सुटतो. न देणारे म्हणतात, “गर्ल्स” हे इथे नुसते विशेषण आहे, “स्पोर्ट्स क्लब”मधल्या स्पोर्ट्ससारखे. म्हणणे अगदीच खोटे नाही, आणि अमेरिकेत “व्हेटरन्स डे” सरकारी कागदावरही चिन्हाविना आहे. पण “गर्ल्स”च्या जागी “वुमेन” घालून बघा. “वुमेन हॉस्टेल” लिहिलेले दिसते खरे, पण कानाला लंगडे वाटते. “वुमेन’स हॉस्टेल” बरोबर बसते. म्हणजे मनात षष्ठी आहेच. म्हणून माझा कौल कॉमा देण्याकडे. गावांच्या, स्टेशनांच्या नावांत मात्र जे रूढ असेल तेच पाळावे. लंडनच्या पिकॅडिली लाइनवर “अर्ल’स कोर्ट” आणि “बॅरन्स कोर्ट” ही लागोपाठची स्टेशने आहेत. पहिल्याला चिन्ह आहे, दुसऱ्याला नाही.

आडनावाबद्दलही ताईंनी जाता जाता विचारले आहे. घराबाहेरच्या पाटीवर “देशपांड्यांचे घर” इंग्रजीत कसे? सगळ्या कुटुंबाचे, म्हणून “द देशपांडेज’”, एस लावून पुढे कॉमा. नागपूरकरांची खरी पंचाईत चिटणवीस, फडणवीस अशा, मुळातच एसने संपणाऱ्या आडनावांची. एकट्या चिटणवीसांचा बंगला असेल तर “चिटणवीस’स” किंवा नुसते “चिटणवीस’” अशा दोन्ही रीती मान्य आहेत. मी पहिली पाळतो, कारण बोलताना तो जादा स आपण म्हणतोच. कुटुंबाचा असेल तर “चिटणवीसेस’”. महालातल्या चिटणीस पार्कसारखे आडनाव नुसते पुढे ठेवले, तर यातले काहीच लागत नाही.

आणि पेंटरचा हात अजूनही अडत असेल, तर आणखी एक वाट आहे. तुमच्या मेट्रो मार्गावरच्या एका स्टेशनाचे नाव “इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स” आहे आणि एलएडी कॉलेजच्या पूर्ण नावात “फॉर वुमेन” आहे. दोन्हींत कॉमा नाही आणि अर्थात तसूभर उणीव नाही. “हॉस्टेल फॉर गर्ल्स” लिहिले तरी उत्तम. फक्त रंग लावण्याआधी खडूने लिहून घ्या, आणि मराठी ओळीतल्या “लीं”वर अनुस्वार आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.